घोट्यातला एक मिलीमीटर

जुलैत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात रोप लागवड सुरू झाली की शेताचे बांध निसरडे होतात. हातात रोपांच्या पेंढ्या असतात. पाऊल चिखलात रुतून जागच्या जागी राहते आणि अंग मात्र वळते. घोटा मोडायला एवढे पुरते. घरी पहिले वाक्य निघते, "मुरगळला असेल, चोळून घे." इथेच घाई करू नये.

मुरगळणे आणि मोडणे यांतला फरक ओळखायला कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये एक सोपी पारख दिली आणि ती आजही जगभर वापरतात. आतल्या आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावी. दुखणे नेमके हाडावर असेल किंवा लंगडत का होईना चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. चोळणे, शेकणे आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधणे यांनी मोडलेले हाड जागेवर येत नाही. सुजलेल्या कातडीचे मात्र हाल होतात.

आता स्वतःच्या धडधाकट पायावर हात ठेवा. अंगठा आतल्या टेंगळाच्या टोकावर, मधले बोट बाहेरच्या. बाहेरचे टोक साधारण 1 सेंटिमीटर खाली आणि थोडे मागे लागेल. आतले टेंगूळ नडगीचे, म्हणजे टिबियाचे खालचे टोक आहे. बाहेरचे टेंगूळ फिब्युला या शेजारच्या बारीक हाडाचे. नडगीची मागची कडही जराशी खाली उतरते, तिला मागचा घोटा म्हणतात. तिन्ही मिळून एक खाच तयार होते आणि तिच्यात टॅलस नावाचे हाड बसते. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाच्या थराने, झाकलेला आहे. पान्ह्याच्या जबड्यात नट बसावा, तसा तो आतल्या आणि बाहेरच्या टेंगळांमध्ये असतो.

बाहेरचे बारीक हाड अंगाच्या वजनाचा जेमतेम सहावा हिस्सा पेलते. म्हणून "बारीक हाड आहे, आपोआप जुळेल," असे सर्रास म्हटले जाते. जुळते खरेच. प्रश्न कुठे जुळते हा आहे. टॅलसला बाहेर सरकू न देण्याचे काम याच हाडाचे. ते 2-3 मिलीमीटर आखूड किंवा थोडे वळून जुळले, की टॅलस त्याच्यामागे बाहेर सरकतो. 1976 साली रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या पायांवर मोजले, तेव्हा टॅलस फक्त 1 मिलीमीटर बाहेर सरकला तरी टॅलस आणि नडगी एकमेकांना टेकण्याचे क्षेत्र सरासरी 42 टक्क्यांनी घटले. वजन तेवढेच, टेकायची जागा मात्र निम्म्याच्या आसपास. कूर्चा झिजते आणि काही वर्षांत संधिवात सुरू होऊ शकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये बुशमध्ये, म्हणजे दांडा फिरतो त्या नळीत, एक मिलीमीटरचा खेळ राहिला तर तो नग कोणी पुढे पाठवणार नाही. घोट्यालाही तोच न्याय हवा.

नडगी आणि फिब्युला यांना खाली बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. फिब्युला सांध्याच्या रेषेखाली मोडली तर हा जोड बहुधा शाबूत असतो, रेषेच्या पातळीवर मोडली तर शंका धरायची, आणि वर मोडली तर तो फाटलेला असण्याची शक्यता मोठी. कधी कधी हाड पार गुडघ्याजवळ मोडते आणि घोट्याच्या एक्स-रेत ती मोड दिसतच नाही. म्हणून घोटा दुखत असला तरी गुडघ्याखालची बाहेरची बाजू दाबून पाहणे चुकवू नये. एक्स-रेही समोरून आणि बाजूने एवढाच पुरत नाही. पाय 15 ते 20 अंश आत वळवून तिसरा काढला की खाच मोकळी दिसते. टॅलस आणि आतला घोटा यांच्यातली फट 4 मिलीमीटरपेक्षा जास्त भरली, तर टॅलस सरकल्याचा संशय घ्यावा.

सांधाच निसटला असेल आणि आतल्या बाजूची कातडी ताणून पांढरी पडली असेल, तर मोठ्या दवाखान्याची वाट पाहत बसू नये. जवळच्या डॉक्टरांकडून सांधा त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर जागेवर बसवून घ्यावा. ती कातडी काही तासांत मरू शकते. घरच्यांनी मात्र पाय ओढू नये, फळी किंवा उशी लावून स्थिर ठेवून न्यावा. सांधा बसल्यावर पक्क्या ऑपरेशनला थांबता येते, आणि सूज असेल तर थांबावेच लागते. नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली मांस नाही. सुजेवर चिरा दिला तर टाके उसवतात, हाडावर बसवलेली धातूची प्लेट उघडी पडते. पाय उंच ठेवून सूज उतरली आणि कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की वेळ आली. याला एक-दोन आठवडे लागू शकतात, तो उशीर डॉक्टरांचा हलगर्जीपणा नसतो.

ऑपरेशनमध्ये बहुतेकदा आधी बाहेरच्या हाडाची लांबी परत आणतात. फटीतले साकळलेले रक्त काढून तुकडे जुळवायचे, तिरप्या भेगेतून 3.5 मिलीमीटरचा एक स्क्रू आवळायचा आणि वर प्लेट बसवायची. लांबी बरोबर आली का, हे सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, चित्रात फिब्युलाच्या टोकापासून टॅलसपर्यंतची कड नाण्याच्या कडेसारखी अखंड गोल दिसते का, त्यावरून कळते. चिरा जरा पुढे सरकला तर पावलाच्या वरच्या भागाला संवेदना देणारी नस दुखावते आणि तिथे बधिरपणा राहतो. आतल्या घोट्याला सहसा 4 मिलीमीटरचे दोन स्क्रू. मग फिब्युला हुकने बाहेर ओढून पाहतात. ती हलली तर सांध्याच्या 2-3 सेंटिमीटर वर आडवा स्क्रू घालतात, मागून पुढे 25 ते 30 अंश तिरपा, कारण फिब्युला नडगीच्या बरोबर शेजारी नसून थोडी मागे असते.

पुढचे काही आठवडे पायावर भार किती द्यायचा, हे सर्जनच ठरवतात. मधुमेह असेल तर हाड आणि जखम दोन्ही सावकाश भरतात, भार देणेही लांबते. विडी-सिगारेट त्या काळात पूर्ण बंद ठेवावी. धुरामुळे हाड जुळायला आणि कातडी भरायला उशीर होतो.

टॅलस पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल वर उचलताना रुंद भाग खाचेत शिरतो, म्हणून दोन्ही हाडे चुकीच्या जागी आवळली गेली किंवा व्यायाम टाळला, तर पाऊल वर येत नाही. सपाट रस्त्यावर चालायला सुमारे 10 अंश पुरतात, रोप लावायला वाकताना किंवा उकिडवे बसताना त्याहून बरेच जास्त लागतात. हाड जुळल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भिंतीचा आधार घेऊन उकिडवे बसून पाहा. त्या पायाची टाच आधी उचलली जात असेल, तर पुढच्या तपासणीला ते आवर्जून सांगा.