मोड आलेल्या दाण्याची साखर

द्राक्षं चिरडून नुसती ठेवली तरी आंबतात, कारण साखर त्यांच्यात आयतीच असते. बार्लीचं तसं नाही. तिच्या दाण्यात भरलेला असतो स्टार्च, आणि तो आंबवण्याचं काम करणाऱ्या यीस्ट या सूक्ष्मजीवाला पचत नाही. म्हणून बिअर करायची तर आधी साखर करावी लागते, आणि हे काम चक्क दाण्याकडूनच करून घेतात.

बार्ली भिजवून चार-सहा दिवस मोड आणतात. कोंबाला पोसायचं म्हणून दाणा स्टार्च फोडणारी अमायलेज ही विकरं (एन्झाइम्स) कामाला लावतो. तेवढ्यात गरम हवेनं दाणे वाळवतात. कोंब मरतो, पण विकरं बरीचशी शाबूत राहतात. (दाण्याच्या बाजूनं पाहिलं तर ही शुद्ध फसवणूक आहे.) हाच माल्ट. चावून पाहिला तर कुरकुरीत, गोडसर लागतो; काळ्या बिअरसाठी खरपूस भाजलेला मात्र कॉफीसारखा कडू.

खरी गंमत पुढे आहे. माल्ट भरडून गरम पाण्यात कालवतात, की विकरं पुन्हा जागी होतात. पाणी 62-65 अंश सेल्सिअसला ठेवलं तर बीटा-अमायलेज जोरात चालतं, यीस्टला खाता येईल अशी साखर भरपूर सुटते आणि बिअर हलकी, कोरडी होते. सत्तरीच्या आसपास अल्फा-अमायलेजचं राज्य असतं. मग यीस्टला न पचणारे मोठे तुकडे मागे राहतात आणि बिअर तोंडात भरीव लागते. दाणे तेच, फरक पाच-सात अंशांचा! स्टार्च संपला का, हे पाहायला पांढऱ्या बशीत त्यातलंच थेंबभर पाणी घेऊन त्यात आयोडिन टाकतात. निळं-काळं झालं तर अजून थांबायचं.

गाळलेलं गोड पाणी हॉप्स घालून तासभर उकळतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. त्यांतल्या आम्लांच्या रेणूंची रचना उकळताना बदलते, तेव्हा कुठे कडूपणा पाण्यात उतरतो. सुगंध मात्र वाफेबरोबर उडतो, म्हणून त्यासाठीचे हॉप्स शेवटी घालतात.

मग पाणी थंड करून यीस्ट. ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बव्हेरियाच्या 1516च्या कायद्यानं बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असं ठरवलं. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. पुढे 1883मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं.

साखर संपली तरी यीस्टला लगेच हलवत नाहीत. आंबताना तयार झालेलं डायअसिटाइल हे लोण्याच्या वासाचं रसायन ते आणखी काही दिवसांत स्वतःच गिळून टाकतं. घाई केली तर बिअरला लोण्याचा वास येतो.