घोडीला सकाळ-संध्याकाळचा नियम चालत नाही

सकाळी माज (मादी फळायला तयार असल्याच्या खुणा) दिसला तर गाय संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खानदेशात गाईम्हशी पाळणाऱ्या घरात हे पोराटोरांनाही पाठ असते. गाईसाठी नियम उत्तम आहे, कारण तिचा माज जेमतेम 18 तासांचा आणि स्त्रीबीज अंडाशयातून सुटते ते माज संपल्यावर साधारण 10 ते 12 तासांनी. घोडीचे नेमके उलटे. तिचा माज 5 ते 7 दिवस चालतो आणि तो ओसरण्याच्या 24 ते 48 तास आधीच बीज सुटून जाते. पहिल्याच दिवशी भरवली तर बीज यायला चार-पाच दिवस बाकी, आणि माज ओसरल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला. सुटलेले बीज काही तासांतच कमकुवत होऊ लागते. लांबच्या नामांकित घोड्याचे गोठवलेले वीर्य मागवणाऱ्याचे पैसे बहुधा याच हिशेबात बुडतात.

त्याआधी ऋतूचे बघू. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो, म्हणजे वर्षातले सर्वांत लहान दिवस चालू असताना. घोडी मात्र दिवस मोठा होऊ लागला की नियमित माजावर येणारे जनावर आहे. तापीकाठी डिसेंबरचा दिवस सुमारे 10 तास 50 मिनिटांचा, जूनचा साडेतेरा तासांच्या जवळ. फरक थंड देशांइतका मोठा नाही, म्हणून आपल्याकडच्या काही घोड्या हिवाळ्यातही नियमित माजावर येतात. पण बऱ्याच घोड्यांचा जानेवारी-फेब्रुवारीतला माज फसवा असतो. तो 10-15 दिवस रेंगाळतो, पुटक, म्हणजे बीज ज्यात वाढते तो द्रवाने भरलेला फुगा, वाढते आणि बीज न सोडताच विरते. यात्रेतून आणलेल्या घोडीच्या अशा माजावर महागडे वीर्य खर्च करू नये. लवकर फळवायचीच असेल तर डिसेंबरपासून सूर्यास्तानंतर तबेल्यात दिवा लावून एकूण उजेड 16 तासांचा करावा. घोडीजवळ उभे राहून वर्तमानपत्र वाचता यावे इतका उजेड पुरतो, पण तो दोन महिने रोज लागतो.

नियमित चक्र 21-22 दिवसांचे असते. नर घोडा समोर आणल्यावर माजावरची घोडी शेपटी वर धरते, मागचे पाय फाकवते, थोडे थोडे मुतते आणि योनीचे ओठ उघडझाप करते. शिंगरू पायाशी असले की काही घोड्या यातले काहीच दाखवत नाहीत. तसेही या खुणांवरून माज आहे एवढेच कळते, बीज कधी सुटेल ते नाही. त्यासाठी गुदमार्गातून सोनोग्राफी हवी.

पुटक माजात रोज सुमारे 3 मिलिमीटरने वाढते आणि बहुतेक घोड्यांत 35 ते 45 मिलिमीटरला फुटते. सोबत गर्भाशयाला सूज येते. पडद्यावर ती मोसंबीच्या आडव्या चकतीसारखी दिसते. पुटक 35 च्या पुढे, चकती ठळक, गर्भाशयाचे तोंड सैल अशी स्थिती आली की पशुवैद्यक एचसीजी हे संप्रेरक 1500 ते 3000 युनिट शिरेतून देतात. त्यानंतर बीज बहुधा 36 ते 48 तासांत सुटते. इंजेक्शन संध्याकाळी 8 ला दिले तर 36 तास परवाच्या सकाळी 8 ला भरतात, रात्रभर जागण्यापेक्षा हे बरे. मात्र एकाच घोडीला हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिले तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि असर घटतो.

आता वेळ वीर्यावर ठरते. ताजे वीर्य घोडीत 48 तास सहज टिकते, त्याला 50 कोटी चपळ शुक्राणू पुरतात. 5 अंशांवर थंड करून पाठवलेले 24 तासांच्या आत वापरावे, मात्रा निघताना 100 कोटींची. गोठवलेल्याचा जोर जेमतेम 12 तासांचा. म्हणून बीज सुटण्यापूर्वी 12 तास ते सुटल्यानंतर 6 तास एवढीच फट मिळते आणि दर 6 तासांनी सोनोग्राफी करावी लागते. दोन मात्रा हाताशी असतील तर इंजेक्शननंतर 24 आणि 40 तासांनी एकेक देऊन ही तपासणी टाळता येते. गोठवलेले वीर्य बारीक नळीत, म्हणजे कांडीत, भरलेले असते. गाईची कांडी पाव मिलिलिटरची, त्यात 2 कोटी शुक्राणू. घोडीच्या एका मात्रेला अर्ध्या मिलिलिटरच्या 4 ते 8 कांड्या जातात आणि वितळल्यावर किमान 25 कोटी चपळ शुक्राणू उरावे लागतात.

अर्ध्या मिलिलिटरची कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद वितळवतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणीच 40 च्या वर असू शकते, त्यामुळे थर्मामीटरशिवाय हात घालू नये. कांडी पुसून कोरडी करूनच कापावी, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणू मारतो. साबणाचा अंश, ऊन आणि सिरिंजचे रबरी बूचही तसेच घातक. शेपटी गुंडाळून योनी तीनदा धुवावी आणि कोरडी करावी. वीर्य सोडणे तुलनेने सोपे असते, कारण माजात गर्भाशयाचे तोंड बोटाने सापडते. गोठवलेले वीर्य मात्र पुटकाच्या बाजूच्या शिंगात, म्हणजे गर्भाशयाच्या त्या बाजूच्या फाट्यात, खोलवर सोडतात.

वीर्य सोडल्यानंतर प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाला थोडी सूज येतेच, निरोगी घोडी ती दीड दिवसात झटकते. म्हाताऱ्या घोडीत पाणी साचून राहते. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ते दिसले तर डॉक्टर गर्भाशय आकुंचन पावून पाणी बाहेर पडावे म्हणून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक 10-20 युनिट देतात, गरज पडल्यास सलाईनने धुतात. भ्रूण बीजवाहक नलिकेतून गर्भाशयात सहाव्या दिवशी उतरतो, त्याआधी ही सफाई उरकायला हवी.

पहिली गर्भतपासणी बीज सुटल्यापासून 14 ते 16 दिवसांत करावी. कारण जुळे. घोडी जुळे क्वचितच पूर्ण वाढवते, बहुतेक वेळा दोन्ही गळतात. 16 व्या दिवसापर्यंत भ्रूण गर्भाशयात फिरत असतात, तोवर ते वेगळे करून एक दाबून फोडणे सोपे असते. एकदा दोघे शेजारी स्थिरावले की दुसराही धोक्यात येतो.

गर्भकाळ सरासरी 340 दिवसांचा. 15 जूनला भरलेली घोडी 21 मेच्या आसपास विते, तेही 43-44 अंशांत.