त्रिमितीय फायली आणि ‘स्वतःचे काम’ : पार्श्वभूमी

विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रे पुरवणारा मुक्त फायलींचा संग्रह. त्यावर फिरवून पाहता येणाऱ्या वस्तू आल्या फेब्रुवारी २०१८ मध्ये. संग्रह सुरू झाला २००४ साली, म्हणजे तोवर त्याला चौदावे वर्ष लागले होते. पहिली फाईल होती पाल्मिराच्या सिंहाची. सीरियातला सुमारे दोन हजार वर्षांचा हा पाषाणसिंह २०१५ मध्ये अतिरेक्यांनी फोडला होता, त्यामुळे त्रिमिती कशाला हवी हे वेगळे समजावण्याची गरज उरली नाही. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळांसाठी किंवा जुनापाणीच्या शिळावर्तुळांसाठी हेच कारण पुरेसे आहे. दोन्हींचे घडवणारे शेकडो-हजारो वर्षांपूर्वी गेले, हक्क सांगायला कोणी उरलेले नाही. घोळ होतो तो कालपरवा घडलेल्या वस्तूंचा.

आधी फाईलच्या प्रकाराबद्दल. निवडला गेला तो एसटीएल, १९८० च्या दशकात त्रिमितीय छपाईसाठी निघालेला. त्यात फक्त त्रिकोण असतात, रंग नाही. गावोगावच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्याचा निळा कोट या फाईलमध्ये राखाडी होतो. मापाचे एकक नसते, हे त्याहून वाईट. तिफणीचे १२० मिलिमीटरचे चाडे कोणी इंचात उघडले, तर ते दहा फुटांचे निघते. वजनाचे म्हणाल, तर बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात. दहा लाख त्रिकोणांचे देऊळ ५० एमबीचे. मोबाइल टॉवरखाली उभे राहून फाईल चढवणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो. तरी साधेपणा आणि बहुतेक छपाईयंत्रांना वाचता येणे, या दोन गुणांवर तो प्रकार आत आला. रंग-पोत सांभाळणारा जीएलटीएफ २०१७ मध्ये दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचला होता, पण तेव्हा त्याला दार उघडले नाही. मला ही निवड घाईची वाटत नाही, कंजूस मात्र वाटते.

खरा वाद पेटंटचा. फोटोमुळे कोणाचे यंत्र तयार होत नाही. छापता येणारी फाईल मात्र वस्तूच्या अगदी उंबरठ्यावर असते. म्हणून चढवणाऱ्यासाठी एक वेगळा पेटंट परवाना लिहिला गेला. त्यात तो सांगतो की फाईल आणि फाईलमधली वस्तू, दोन्ही माझे स्वतःचे काम आहे. शिवाय त्या वस्तूवर माझे आज असलेले किंवा पुढे मिळणारे जे काही पेटंट असेल, त्याखाली वस्तू बनवायची, वापरायची, विकायची, आयात करायची मुभा मी जगातल्या कोणालाही, कायमची आणि फुकट देतो. ही मुभा परत घेता येत नाही. शेवटी आणखी एक वाक्य आहे: भाषांतर आणि मूळ इंग्रजी यांत फरक पडला, तर इंग्रजी खरे धरायचे. म्हणजे मराठी भाषांतर वाचून ‘मान्य’ दाबणारा, न वाचलेल्या मजकुराने बांधला जातो.

पटाईत संगणक-मंडळींना यात वावगे दिसले नाही. सॉफ्टवेअरचे अनेक मुक्त परवाने असेच असतात. पण डवऱ्याला नवी जोडणी बसवणाऱ्या पोराकडे पाहा. भारतात अर्जाआधी वस्तू जगजाहीर झाली की तिचे नावीन्य बहुधा संपते, अपवाद मोजके. तेव्हा फाईल चढवली त्याच क्षणी त्याचे पेटंट बरेचसे हातचे गेले. परवान्याने उरलेलेही काढून घेतले. फाईल फुकट देऊन मागाहून पेटंटचा दावा ठोकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे कलम आले, असे त्याच्या बाजूने म्हणता येते. आमच्याकडे मात्र नागभीड तालुक्यातल्या एचएमटी भाताची आणि तो शोधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट लोक विसरलेले नाहीत: वाण त्याचा, फायदा दुसऱ्यांचा. सही करताना हात थबकतो तो त्यामुळे.

आता ‘स्वतःचे काम’. फोटोच्या काळात हे दोन शब्द सरळ होते: बटण मी दाबले, फोटो माझा. त्रिमितीत ते दुभंगतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या. मोबाइलने चहूबाजूंनी शे-दोनशे फोटो काढून फाईल मी केली. बैल सुताराने कोरला. वरचा पेटंट परवाना इथे लागूच पडत नाही, कारण तो फक्त दोन्ही आपलेच असेल तेव्हाचा. पण बैल ही कलाकृती आहे, आणि तिचा हक्क कोरणाऱ्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो.

चौकातल्या पुतळ्याचे तर आणखी अवघड. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे रंगचित्र, रेखाटन, कोरीवचित्र आणि छायाचित्र करायला मोकळीक देते. चारच गोष्टी. त्रिमितीय प्रतिकृती त्या यादीत नाही. म्हणजे त्याच पुतळ्याचे शंभर फोटो चालतात, आणि त्याच शंभर फोटोंतून शिवलेली फाईल अडते! दुसरीकडे अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००८ मध्ये मोटारींच्या संगणकावर बनवलेल्या त्रिमितीय आकृत्यांबद्दल म्हटले की जशीच्या तशी नक्कल करण्यात स्वतंत्र निर्मिती नाही. दोन्ही धरले तर पुतळ्याच्या फाईलवर राबणाऱ्याचा हक्क नाही आणि ती चढवायची मुभाही नाही.

पुढे काही मोठी संग्रहालये यात उतरली. अमेरिकेतल्या एका संग्रहालय-समूहाने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख चित्रे आणि त्रिमितीय फायली एकदम मोकळ्या केल्या. बर्लिनमधल्या नेफर्टिटीच्या शीर्षाची फाईल २०१९ मध्ये सुटली ती मात्र अव्यावसायिक वापराच्या अटीसह, आणि अशी अट कॉमन्सला चालत नाही.

गावातल्या बैलासाठी आज एवढेच करता येते: वर्णनात दोन ओळी वेगळ्या लिहायच्या, फाईल कोणाची आणि बैल कोणाचा, आणि सुताराची लेखी परवानगी घ्यायची. ती ईमेलने कळवायची असते. सुताराकडे ईमेल नाही, व्हॉट्सॲप आहे.