महसीर, भीमा खोऱ्यातील : अधिवास व हवामानबदल

भीमा खोऱ्यातील मूळचा मोठा नदीमासा. कार्प कुलातील टॉर प्रजातीची टॉर खुद्री ही जाती येथे अभिप्रेत आहे. थंड प्रदेशातील डोंगरी ओढ्यांच्या अभ्यासात ट्राउट या थंड पाण्यातील माशाला जे स्थान आहे, ते सह्याद्रीच्या नद्यांत महसीरला द्यावे लागते. ट्राउट भारतातील मूळची नव्हे, ती काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणली गेली.

ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्गअभ्यासक विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ मध्ये ‘खुद्री’ व ‘मुसल्ला’ ही स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत घेतली. खुद्रीचा नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला, मुसल्लाचा शिरूरजवळच्या घोडनदीतला. म्हणजे दोन्ही भीमेच्याच खोऱ्यातले. मुसल्ला कोणता, यावर मात्र एकमत नाही. १९४० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी हे नाव दक्षिणेकडील कुबडवाल्या महसीरला लावले आणि ते बराच काळ रूढ राहिले. अलीकडचे वर्गीकरणकार मुसल्लाला हिप्सेलोबार्बस या कार्प कुलातील वेगळ्या प्रजातीत ठेवतात, म्हणजे तो महसीरच ठरत नाही. मूळ वर्णन व नमुन्याचे स्थळ पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. कावेरीच्या कुबडवाल्या माशाला २०१८ पासून टॉर रेमादेवी म्हणतात.

खुद्रीला वाहते, प्राणवायूयुक्त पाणी व खडकाळ तळ लागतो. पावसाळी लोंढ्याबरोबर हे मासे वर चढून गोट्या-वाळूत अंडी घालतात, तर उन्हाळा डोहांत काढतात. २० अंश से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिग्रॅ. प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण ७.५, शिवाय तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते. पाऊस उशिरा आला तर वर चढण्याचा काळ हुकतो, एकाच दमात कोसळला तर गाळ अंड्यांवर बसतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. घाटमाथ्याला तोच आकडा जसाच्या तसा लावू नये.

भीमाशंकरला उगम पावणारी भीमा पर्जन्यछायेतील सोलापूर जिल्ह्यात येते. येथे उन्हाळी पारा चाळिशीपार जाणे नित्याचे आहे. माढा तालुक्यातील उजनी धरण (१९८०) नदी अडवते. एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरला जाणारा तळाचा साठा आहे. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हा जिल्ह्यातला नेहमीचा वाक्प्रयोग त्यावरूनच आला. थंड पाण्याकडे सरकणे हा माशाचा स्वाभाविक उपाय येथे बांधच रोखतो. त्यामुळे अधिवासऱ्हासाचे पहिले कारण धरण व दुसरे तापमान, असा क्रम लावणे युक्त होय. जलाशयात आता चिलापीचे (टिलापिया) वर्चस्व आहे. स्थिर, कोमट पाणी तिला मानवते.

लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीचे कृत्रिम प्रजनन होते. तेथील बोटुकली (बोटाएवढी पिले) इतर खोऱ्यांतही सोडली गेली. कावेरीत त्यांनी मूळच्या कुबडवाल्या महसीरलाच मागे सारले.