आम्लवर्षा आणि तळ्याखालचा खडक

कारखान्यांच्या धुरामुळे जिथे आम्लवर्षा जास्त, तिथली तळी तितकीच आम्लधर्मी होतात, ही समजूत बरीच वर्षे टिकून आहे. ती अर्धीच खरी आहे, कारण पावसातून आलेल्या आम्लाचे पुढे काय होते हे मुख्यतः पाणलोटातील खडक आणि माती ठरवतात. चुनखडी व तिच्यासारखाच डोलोमाइट हा खडक पाण्यात विरघळून बायकार्बोनेट देतात आणि ते आम्ल उदासीन करते. ग्रॅनाइट, नाइस आणि विशेषतः क्वार्टझाइट हे कठीण खडक मात्र इतके संथपणे झिजतात की त्यांच्यावरील तळ्यांत आम्ल उदासीन करण्याची ही राखीव क्षमता जवळजवळ नसतेच.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हा फरक ठळक दिसतो. सडबरीच्या निकेल-तांबे भट्ट्यांच्या गंधकयुक्त धुराने किलार्नी परिसरातील क्वार्टझाइटच्या डोंगरांमधली अनेक तळी विसाव्या शतकात आम्लधर्मी होऊन त्यांतले मासे नाहीसे झाले, तर त्याच भागातील मॅनिटूलिन बेटावरची, चुनखडी व डोलोमाइटवरील तळी अल्कधर्मीच राहिली. भट्ट्यांपासूनच्या अंतराचाही त्यात वाटा आहे, पण एवढी तफावत केवळ अंतराने पडत नाही.

मात्र ग्रॅनाइट स्वतः आम्ल सोडतो असा उलटा निष्कर्षही काढू नये. तो फक्त आम्लाला पुरेसा प्रतिकार करत नाही. शिवाय भूशास्त्रीय नकाशावरचा रंग पाहून निकाल देणेही घाईचे ठरते, कारण हिमनद्यांनी दुरून आणलेला चुनखडीचा गाळ ग्रॅनाइटवर पसरला असेल, तर तेथील तळेही आम्ल सहज पचवू शकते.