गाडीमागचा ट्रेलर का झुलतो?

सासवडहून सीताफळांचे क्रेट छोट्या दोनचाकी ट्रेलरवर भरायचे, तो हॅचबॅकमागे जोडायचा आणि दिवे घाटातून हडपसरला उतरायचं, असं म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, "इंजिन ओढेल का?" ओढण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती पाळायची; ओढू नका असं लिहिलं असेल तर विषयच संपला. माझ्या मते जास्त विचार करायला हवा तो ट्रेलर मागे सरळ चालेल का, याचा.

ट्रेलर मोटारीमागे जोडणीसाठी बसवलेल्या एका गोळ्याभोवती डावी-उजवीकडे वळायला मोकळा असतो. शेजारून ट्रक गेला, चाक खड्ड्यात गेलं, की त्याला बाजूने धक्का बसतो. मालासकट ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या, म्हणजे त्याची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, पुढे असेल, तर टायरांची पकड त्याला पुन्हा रेषेत आणते. तो आसाच्या मागे गेला, की मालाचं जडत्वच मागची बाजू आणखी बाहेर फेकतं आणि प्रत्येक झोक्याला मोटारीचा मागचा भागही ओढला जातो. यात वेगाची एक सीमा असते. तिच्या खाली झोके आपोआप विरतात, वर गेलं की वाढत जातात. माल मागे सरकला की ही सीमा खाली येते. म्हणून ताशी ४० ला शहाण्यासारखा चालणारा ट्रेलर ७० ला अचानक बेफाम होऊ शकतो.

बैलगाडी भरणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. म्हणून थोडा भार जुवावर राहील असाच माल रचतात. ट्रेलरलाही तसाच भार गोळ्यावर हवा. साधारणपणे भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, पण मोटारीच्या मर्यादेत.

आता आकडे पाहा. ट्रेलर मालासकट ४०० किलो, आसापासून गोळ्यापर्यंत अंतर २ मीटर. गोळ्यावर ४० किलो भार हवा असेल, तर गुरुत्वमध्य आसाच्या पुढे फक्त २० सेंटिमीटर हवा. आणि १०० किलोचे क्रेट ८० सेंटिमीटर मागे सरकले, की तो बरोबर आसावर येतो. गोळ्यावरचा भार शून्य! म्हणून जड माल आसाच्या जवळ, खाली ठेवून दोरीने घट्ट आवळायचा. भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर आडवा, समतल ठेवून पुढच्या टोकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा ठेवायचा, चाकांना दगड लावायला विसरायचं नाही. भार फार वाढवणंही वाईट. मोटारीची मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते आणि पुढच्याच चाकांनी चालणाऱ्या गाडीची चढावरची पकड कमी होते.

तरीही ट्रेलर झुलू लागला, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. झोक्याला उलट वळवून सावरायचा मोह आवरायचा. आपला हात नेहमी क्षणभर उशिरा पडतो आणि झोका वाढतो. करकचून ब्रेक लावला तर मागचं वजन मोटारीला ढकलतं.

आता घाट. आषाढी वारीत दिवे घाट चढताना माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. चढाचे कष्ट सगळ्यांना दिसतात. उताराचा भार मात्र मुकाट्याने ब्रेकवर पडतो, कारण असल्या छोट्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. १००० किलोची मोटार आणि ४०० किलोचा ट्रेलर मिळून १०० मीटर खाली उतरले, तर सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी ६० च्या वेगातून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी! ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर ते तापतात आणि त्यांची पकड सुटत जाते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्यावं. तेवढी उष्णता ब्रेकवर पडायची वाचते.