मुरबाड-शहापूरकडचं जुनं घर घेताय? इसार देण्याआधी एवढं वाचा

मुरबाड-शहापूरला जुनं कौलारू घर बघायला आमचे ठाण्याचे ग्राहक बहुधा रविवारी जातात. घर आवडतं, मालक चहा पाजतो, 'अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात' असं सहज बोलून जातो आणि चेक फाटतो. सोमवारी आमच्या व्हॉट्सॲपवर घरपट्टीच्या पावतीचा फोटो येतो. "पेपर क्लिअर आहेत ना? पाडून किती मजले निघतील?"

त्या पावतीवरून एवढंच कळतं, की घराचा कर कोणाच्या नावाने भरला जातो. घरपट्टी हा मालकीचा पुरावा नाही. थोरला भाऊ गावात राहतो म्हणून पावती त्याच्या नावाची. बहिणी डोंबिवलीला, पुण्याला. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र नसेल, तर त्यांच्याही सह्या लागणारच. "त्या काही बोलणार नाहीत हो," यावर आम्ही कोणालाही इसार द्यायला सांगत नाही. दिलेला इसार परत मागत फिरण्यात तुमचे महिने जातात, आणि आमचेही.

खरी गोम मात्र परसात असते. घर गावठाणात, मागची आंब्याची वाडी वेगळ्या सातबाऱ्यावर आणि कुंपण दोघांना मिळून एकच. मालक 'आठ गुंठे' म्हणून सगळंच फिरवून दाखवतो. खोटं बोलतो असंही नाही, त्याच्या लेखी ते एकच घर. पण वाडी शेती झोनमध्ये असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे ती परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणजे बोली आठ गुंठ्यांची आणि बांधायला हाती गावठाणातले, समजा, तीनच. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. फरक किती पडतो ते तुम्हीच काढा.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला, किंवा 'इतर हक्क' रकान्यात आदिवासी जमिनीचा शेरा असला, तर तिथेच थांबा. या दोन्ही तालुक्यांत असे उतारे नवलाचे नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, झाली आहे का, तेही विचारा.

मजल्यांचं उत्तर आम्ही फोनवर देत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत समोरच्या रस्त्याची रुंदी, झोन आणि मोजणीत निघालेलं क्षेत्र यावर ते ठरतं. बैलगाडीच्या बोळात टॉवर होत नाही. आणि 'कल्याण-मुरबाड रेल्वे येतेय' म्हणून भाव वाढेल, एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येईल ते प्रमाण, नाही.

आधी कागद, मग घर, ही आमची पद्धत काहींना आडमुठी वाटते. वकिलाकडून मिळकतीच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा सर्च काढण्याची फी आम्ही वेगळी घेतो, व्यवहार झाला नाही तरी. सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील, तर कागदातली खोट शोधायची हौस कोणाला असते? पुढे आमच्यामार्फत खरेदी झाली, तर ती फी दलालीतून वळती करतो.

येताना चालू सातबारा, फेरफार आणि घराचा रस्त्यासकट एक फोटो आणा. घरपट्टीची पावतीही चालेल, फक्त तेवढीच नको. रविवारी आम्हीही साइटवर असतो, तेव्हा ऑफिसला यायचं तर आठवड्यातलाच दिवस धरा.